एका दिवसात ऐहोळे, पट्टदकल आणि बदामी: मित्रमंडळींबरोबर निघालेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सहा जण सोलापूरहून निघून कर्नाटकातली ही तिन्ही गावं पाहून आलो, त्याला आता बरेच महिने झाले. पण ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी दर पंधरवड्याला फोन करतं आणि तेच तेच विचारतं. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून जीभ झिजली, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. आता फोन आला की हेच पुढे धाडणार.

एका दिवसात तिन्ही ठिकाणं खरंच होतात का?

होतात, पण सगळं पाहायचा हट्ट सोडलात तर. अंतर फार नाही. बदामी ते पट्टदकल बावीस-तेवीस किलोमीटर आणि तिथून ऐहोळे आणखी चौदाच्या आसपास. गाडीत बसायचे तास दोन, फार तर अडीच. अडचण देवळांच्या संख्येची आहे. एकट्या ऐहोळ्यातच शंभराहून जास्त देवळं विखुरलेली आहेत. कोणाच्या परड्यात, कोणाच्या गोठ्याला चिकटून, काही तर गल्लीच्या वळणावर. ती सगळी बघायची म्हटली तर आठवडा जाईल. दिवस एकच असेल तर ऐहोळ्यात चार, पट्टदकलला चार आणि बदामीत चार लेणी अधिक तळं, एवढं पुष्कळ झालं. आदल्या रात्री मुक्कामाला बदामीत पोहोचा. त्याच दिवशी सोलापूर किंवा कोल्हापूरहून निघून संध्याकाळी परतायचा बेत कोणी मांडला, तर त्याला चहा पाजून गप्प बसवा.

कुठून सुरुवात करायची?

बहुतेक लोक मुक्कामाच्या गावापासून, म्हणजे बदामीपासून सुरू करतात. आमचा सल्ला उलटा आहे. सकाळी सातला गाडी काढून आधी सगळ्यात लांबचं ऐहोळे, मग दुपारपर्यंत पट्टदकल, आणि उतरत्या उन्हात बदामी.

याला दोन कारणं. ऐहोळ्यात मेगुती टेकडी चढायची असते आणि तिथे सावली नाही. दहाच्या आत चढून उतरलात तर ठीक, नाहीतर ती टेकडी तुम्हाला उतरवेल. दुसरं कारण उजेडाचं. बदामीचा वालुकाश्म सकाळी नुसताच तांबूस दिसतो. चारनंतर ऊन तिरपं झालं की तोच दगड आतून पेटल्यासारखा वाटतो. तळ्याच्या पूर्व टोकाची भूतनाथाची देवळं पश्चिमेकडे तोंड करून उभी आहेत, म्हणजे मावळतीचा उजेड थेट त्यांच्या अंगावर. तिथे पायऱ्यांवर बसून दिवस संपवायचा. आमच्यातला एक जण तिथे अर्धा तास काही बोलला नाही. त्याला ओळखणाऱ्यांना यातलं आश्चर्य कळेल.

जायचं कसं?

सोलापूर–विजापूर–बागलकोट–गदग या रेल्वेमार्गावर बदामी स्थानक आहे. स्थानक ते गाव पाच किलोमीटर, रिक्षा मिळतात. सोलापूरहून रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. तिन्ही गावांत एसटी फिरते, पण एका दिवसात तिन्ही उरकायची तर तिच्या भरवशावर राहू नका. बदामीत दिवसभरासाठी रिक्षा किंवा मोटार ठरवा आणि निघण्याआधीच थांबे मोजून सांगा. ‘मेगुती’ आणि ‘पापनाथ’ ही दोन नावं सांगायला विसरलात तर दुपारी वाद होतो. आमचा झाला.

ही देवळं हेमाडपंती आहेत का?

हा प्रश्न प्रत्येक मराठी टोळीत एक जण विचारतोच. नाहीत. हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. ही देवळं त्याच्याही पाचशे-सहाशे वर्षं आधीची, बदामीच्या चालुक्यांची. आपल्याकडे काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की त्याला हेमाडपंती म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं, तरी तेही या नावातून सुटलेलं नाही.

मग नेमकी किती जुनी? आणि कशावरून?

दगडावर तारखा कोरलेल्या आहेत, हीच इथली खरी श्रीमंती. बदामीच्या कड्यावर चालुक्य राजा पहिला पुलकेशी याचा लेख आहे, शके ४६५ म्हणजे इसवी सन ५४३ चा. त्याने वातापीचा, म्हणजे बदामीचा, डोंगर तटबंदी घालून किल्ला केला, असं तो सांगतो. लेणं क्रमांक तीनमध्ये मंगलेशाचा लेख आहे, शके ५०० चा, कार्तिकी पौर्णिमेचा. म्हणजे ५७८ साल. ऐहोळ्याच्या मेगुती मंदिरावर शके ५५६, अर्थात ६३४-३५. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर ७४० च्या आगेमागे. यानंतर थोड्याच वर्षांत, ७५३ च्या सुमारास, राष्ट्रकूट दंतिदुर्गाने चालुक्यांचं राज्य घेतलं. दोनशे वर्षांचा हा पट तुम्ही एका दिवसात फिरता.

ऐहोळ्यात वेळ कशाला द्यायचा?

तिकीट काढून आत शिरलात की समोर दुर्गा मंदिर. याची मागची बाजू गोल आहे, हत्तीच्या पाठीसारखी. जुन्या बौद्ध चैत्यगृहांची आठवण यावी असा आराखडा, आणि भोवती खांबांचा उघडा प्रदक्षिणामार्ग. त्या मार्गाच्या कोनाड्यांत महिषासुरमर्दिनी, नरसिंह, वराह, हरिहर, नंदीला टेकलेला शिव. शिखर अर्धवट मोडलेलं आहे आणि त्याच्या माथ्यावरचा आमलक, म्हणजे आवळ्यासारखा पाकळ्यांचा दगड, जवळच जमिनीवर ठेवलाय. एरवी जी वस्तू आपण मान मोडून वर बघतो ती इथे गुडघ्यापाशी दिसते. तिचा आकार बघून घ्या. पुढे पट्टदकलला शिखरं पाहताना हा हिशोब कामी येतो.

शेजारचं लाडखान मंदिर पाहताना एकच करा. छताकडे बघा. दगडी फरश्यांच्या सांध्यांवर लांब दगडी पट्ट्या घातल्यात, जसं लाकडी घराच्या फळ्यांच्या फटींवर ओंडके ठोकावेत. सुताराची सवय हातात असलेला माणूस दगडाकडे वळला की काय होतं, ते इथे दिसतं. जुन्या पुस्तकांत हे पाचव्या शतकातलं म्हणून लिहिलेलं सापडेल. आताचे अभ्यासक त्याला बरंच अलीकडे, सातव्या-आठव्या शतकाकडे आणतात. लाडखान हा कोणी देव नव्हे. पुढच्या काळात या देवळात राहिलेल्या माणसाचं नाव त्याला चिकटलं.

रावणफडी हे लेणं थोडं बाजूला आहे, पण चुकवू नका. आत नाचणारा शिव आणि त्याच्या भोवती सप्तमातृका. त्यांचे उंच मुकुट आणि चुण्यांची वस्त्रं पाहून आमच्यातली एक मैत्रीण तिथून हलेना. शिवणकाम करणारी ती, तिने चुण्या मोजल्या.

दुर्गा मंदिर देवीचं ना?

नाही. दुर्ग म्हणजे किल्ला. देवळाला लागून तटबंदी होती, त्यावरून ते नाव. नारळ-ओटी घेऊन गेलेल्यांची पंचाईत होते.

मेगुती टेकडी चढायलाच हवी का?

एक गोष्ट टाळायची असेल तर दुसरी कुठलीही टाळा, ही नको. देऊळ दिसायला साधं आहे, वरचा भाग अपुरा. पण त्याच्या पूर्वेच्या भिंतीवर रविकीर्तीचा लेख आहे. संस्कृत भाषा, जुनी कन्नड लिपी. हा जैन कवी दुसऱ्या पुलकेशीच्या आश्रयातला. त्याने राजाची स्तुती लिहिली, देऊळ आपण बांधवलं हे नोंदवलं आणि वर आपली कीर्ती कालिदास-भारवींच्या तोडीची असल्याचंही सांगून टाकलं. संकोच नावाला नाही. पण या बढाईमुळेच कालिदास ६३४ च्या आधीचा हे पक्कं धरता येतं. साल दोन पद्धतींनी दिलंय: महाभारत युद्धापासून ३७३५ वर्षं आणि शके ५५६.

मराठी माणसाने थांबायची ओळही याच लेखात आहे. नव्व्याण्णव हजार गावं असलेल्या तीन ‘महाराष्ट्रकां’चं आधिपत्य पुलकेशीने मिळवलं, असं रविकीर्ती म्हणतो. महाराष्ट्राचं नाव इतक्या स्पष्टपणे सांगणाऱ्या जुन्या लेखांपैकी हा एक, आणि तो आहे बागलकोट जिल्ह्यातल्या एका टेकडीवर. याच राजाने नर्मदेकाठी हर्षवर्धनाला अडवलं, आणि युआन श्वांग हा चिनी प्रवासी याच्याच राज्यात आला होता. त्यानेही आपल्या वर्णनात या मुलखाला महाराष्ट्रच म्हटलंय. अक्षरं वाचता येणार नाहीत, तरी भिंतीसमोर दोन मिनिटं उभे राहा. देवळामागे महापाषाणयुगातल्या दगडी कबरीही आहेत. म्हणजे चालुक्य आले तेव्हाही ही जागा जुनीच होती.

पट्टदकलला एवढं विशेष काय?

मलप्रभा नदी इथे उत्तरेला वळते. राज्याभिषेकाची जागा म्हणून गावाचं नाव पट्टदकल. १९८७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. आत हिरवळ, आणि त्यावर देवळं अशी शेजारी शेजारी उभी की वेगवेगळ्या प्रांतांतले पाहुणे लग्नाला आलेत. गळगनाथाचं शिखर उत्तरेकडच्या पद्धतीचं, वर निमुळतं होत गेलेलं. काही पावलांवर संगमेश्वर, त्याचं शिखर दक्षिणेकडचं, मजल्यामजल्यांचं. एकाच राजवटीत दोन्ही पद्धती. ऐहोळ्यात आधी शिकले आणि पट्टदकलला उत्तीर्ण झाले, ही गोष्ट माहिती सांगणारे लोक रंगवून सांगतात. ऐकायला छान आहे, पण इतकी सरळ रेघ नाही. ऐहोळ्यातली कित्येक देवळं पट्टदकलच्याच काळातली आहेत. वेगवेगळे कारागीर आपापल्या घराण्याचं काम एकाच वेळी करत होते, असं म्हणणं जास्त खरं.

मुख्य देऊळ विरूपाक्षाचं, आणि त्यामागे एक मोठं वैर आहे. ६४२ मध्ये पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मा याने वातापी जिंकली आणि ‘वातापीकोंड’ हे बिरुद लावलं. शंभरेक वर्षांनी चालुक्य दुसरा विक्रमादित्य पल्लवांच्या कांचीत शिरला. आता सूड, असं आपल्याला वाटतं. पण त्याने कांचीच्या कैलासनाथ मंदिराची संपत्ती देवाला परत केली आणि तसा कन्नड लेख तिथल्याच खांबावर कोरवला. त्या विजयाप्रीत्यर्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने पट्टदकलला विरूपाक्ष बांधवलं आणि तिची धाकटी बहीण, दुसरी राणी त्रैलोक्यमहादेवी, हिने शेजारचं मल्लिकार्जुन. विरूपाक्ष बांधणाऱ्या सूत्रधाराचं नावही लेखात आहे: गुंड, बिरुद अनिवारिताचारी. राजाराणींची नावं सगळीकडे असतात. मिस्त्रीचं नाव कोरलेलं किती ठिकाणी पाहिलंत?

विरूपाक्ष पाहताना काहींना वेरूळ आठवतं, आणि ते बरोबर आहे. चालुक्यांना हरवणाऱ्या राष्ट्रकूटांनीच वेरूळचं कैलास कोरवलं, पहिल्या कृष्णाच्या काळात. समोर नंदीचा वेगळा मंडप, भोवती आवार, शिखराची ठेवण. मांडणी हीच, फक्त इथे दगडावर दगड रचला आणि तिथे डोंगर वरून खाली उतरवला. वेरूळ पाहिलेल्यांनी इथे आणि इथे आलेल्यांनी वेरूळला जावं.

पापनाथ मंदिर मुख्य आवारापासून अर्धा किलोमीटर दक्षिणेला आहे, म्हणून निम्मे लोक तिथे जातच नाहीत. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर रामायण कोरलंय आणि पात्रांची नावंही लिहून ठेवलीत.

जेवायचं कुठे आणि काय?

ऐहोळ्यात फारशी सोय नाही. चहा-बिस्किटांवर निभावा आणि भूक राखून ठेवा. बदामीजवळ पाच किलोमीटरवर बनशंकरीचं देऊळ आहे, आणि त्याच्या आवारात बायका टोपल्या घेऊन बसतात. टोपलीत ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाचटणी, लाल ठेचा, झुणका, वांग्याची भाजी, आणि मातीच्या गाडग्यात घट्ट दही. तळ्याकाठी सावलीत बसून खायचं. आम्ही कोणीही ‘अजून एक भाकरी’ हे कन्नडमध्ये म्हणू शकत नव्हतो, पण ताटाकडे बोट दाखवलं की त्या मावशी आणखी दोन वाढत. सोलापूरकरांना यात नवं काय, असं आमच्यातला एक जण म्हणाला आणि मग चार भाकऱ्या खाल्ल्या. बदामीत खानावळीही आहेत, आणि त्यांना कन्नडमध्येही खानावळीच म्हणतात.

बनशंकरी म्हणजे शाकंभरी. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांची ती कुलस्वामिनी. पौषात, पौर्णिमेच्या सुमारास तिची मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत गेलात तर देवळं पाहण्याचा बेत विसरा आणि जत्राच पाहा.

बदामीच्या लेण्यांत आधी काय पाहायचं?

चार लेणी, एकाच कड्यात, पायऱ्यांनी जोडलेली. पहिल्याच्या दाराबाहेर उजव्या कड्यावर अठरा हातांचा नटराज आहे. त्याच्यापाशी गर्दी असते, म्हणून डावीकडचा त्रिशूळधारी द्वारपाल लोकांच्या नजरेतून सुटतो. त्याच्या पायाशी बैल आणि हत्ती एकाच डोक्यात कोरलेत. एक धड झाका, हत्ती दिसतो. दुसरं झाका, बैल. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने केलेली गंमत आहे ही, आणि लहान मुलांना ती मोठ्यांच्या आधी कळते.

दुसरं लेणं विष्णूचं, तिथे वराह आणि त्रिविक्रम. तिसरं सगळ्यात मोठं. विष्णू इथे शेषाच्या वेटोळ्यावर चक्क बसलाय. झोपलेला शेषशायी पाहायची सवय असल्याने क्षणभर चुकल्यासारखं होतं. खांबांच्या माथ्यांवरची जोडपी पाहा, छताच्या कडेला रंगाचे जुने अवशेष शोधा. चौथं जैन लेणं, आकाराने लहान. तिथल्या बाहुबलीच्या अंगावरून दगडाचे नैसर्गिक पट्टे गेलेत.

वातापी नावाची गोष्ट काय?

इल्वल आणि वातापी हे राक्षस भाऊ. वातापी बोकड व्हायचा, इल्वल त्याचं मटण शिजवून वाटसरू ब्राह्मणाला वाढायचा, आणि मग हाक मारायचा. वातापी पोट फाडून बाहेर. अगस्ती ऋषी आले, जेवले, पोटावरून हात फिरवून म्हणाले, ‘वातापी, जिरून जा.’ काही घरांत बाळाला पाजल्यावर पोटावरून हात फिरवत अजूनही हे म्हणतात. खालच्या तळ्याचं नाव अगस्ती तीर्थ. वातापीचं बादावी आणि मग बदामी झालं. दगडाच्या रंगावरून नाव पडलं हे नंतर जुळवलेलं.

माकडांचं काय?

ती आहेत, आणि तुमच्यापेक्षा त्यांना पिशव्यांच्या चेन चांगल्या कळतात. लेण्यांच्या पायऱ्यांवर हातात खाऊ, प्लास्टिकची पिशवी, पाण्याची रंगीत बाटली काहीच नको. आमच्याकडून केळ्यांचा अख्खा घड गेला. मागे ओढू नका, सोडून द्या.

एकाला देवळांत रस नसेल तर?

असतोच असा एक. त्याला मागे खेचत फिरलात तर सहाही जणांचा दिवस जातो. आम्ही तिसऱ्या देवळापासून युक्ती केली: प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाने एकच गोष्ट शोधून इतरांना दाखवायची. कंटाळलेल्या मित्राने विरूपाक्षाच्या जाळीदार खिडक्यांची नक्षी प्रत्येक खिडकीत वेगळी आहे हे शोधलं, आणि त्यानंतर तोच सगळ्यांना थांबवायला लागला. फोटो काढणाऱ्यासाठी मात्र उपाय नाही. त्याला भेटायची वेळ आणि जागा ठरवून द्या आणि पुढे चला.

तिकिटं, चपला, वाटाड्या?

तिन्ही ठिकाणी पुरातत्त्व खात्याची वेगवेगळी तिकिटं आहेत. भारतीयांसाठी दर किरकोळ, पंधरा वर्षांखालच्यांना नाही. बदामी आणि ऐहोळ्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. विरूपाक्षात आजही पूजा चालते, तिथे चपला बाहेर. दुपारी अंगणातला दगड तव्यासारखा तापतो, म्हणून जाड मोजे पिशवीत असू द्या. वाटाड्या घ्यायचा तर पट्टदकलला घ्या. ड्रोन नेऊ नका.

गुडघे दुखणाऱ्यांना जमेल का?

पट्टदकल पूर्ण जमेल, सपाट आहे. ऐहोळ्याचं दुर्गा मंदिराचं आवारही. मेगुती आणि बदामीची लेणी दोन्हीकडे चढ आहे. बदामीच्या पायऱ्या उंच, पण पहिलं लेणं फार वर नाही. तेवढं पाहून तळ्याकाठी बसता येतं.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये त्या उघड्या खडकात जायची हौस कोणाला असेल तर त्याने टोपी नव्हे, छत्री न्यावी.

कन्नड येत नाही, अडेल का?

हिंदीवर काम होतं. तरी चार शब्द खिशात असू द्या: गुडी म्हणजे देऊळ, होळे म्हणजे नदी, नीरु म्हणजे पाणी, ऊट म्हणजे जेवण. आणि किती पैसे विचारताना ‘एष्टु’. उत्तर कळलं नाही तरी समोरचा हसतो आणि बोटांनी दाखवतो.

हंपीही त्याच फेरीत उरकता येईल का?

हंपी दीडशे किलोमीटरच्या आत आहे, पण ते विजयनगरचं, सातशे-आठशे वर्षं नंतरचं, आणि त्याला स्वतःचे दोन दिवस लागतात. ‘उरकणे’ हा शब्द जिथे येतो तिथे जाऊ नका.

येताना काय आणायचं?

बदामीपासून वीसेक किलोमीटरवरचं गुळेदगुड्ड हे खणाचं गाव. आपल्याकडे चोळीला, आणि हल्ली कुर्त्याला, पर्सला, तोरणाला जो खण वापरतात त्याची मोठी पेठ हीच. इरकल साडीचं इळकल याच जिल्ह्यात. ऐहोळ्याजवळच्या अमीनगडचं करदंट, म्हणजे सुकामेवा, डिंक आणि गुळाची वडी, डब्यात बांधून मिळते. आणि बनशंकरीच्या मावशींकडून कडक भाकऱ्या घ्या, पापडासारख्या वाळवलेल्या, कापडात गुंडाळून. आमच्या घरी त्या पंधरा दिवस टिकल्या. सोळाव्या दिवशी शेवटची कोणी खाल्ली यावरून अजून भांडण चालू आहे.